दामाजीवरचा आळ

दिवा स्टेशनच्या पलीकडे, खाडीला लागून असलेल्या त्या गावात सगुणाबाईंच्या शब्दाला वजन होतं आणि ते उगाच नव्हतं. त्या धवलारीण होत्या. आगरी लग्न एकवेळ भटजीवाचून होईल, पण धवलारणीवाचून नाही. मांडवात बसून ती गाण्यातून देवांना आवतण देते, मग दोन्ही घरच्या गेलेल्या माणसांना नावानिशी लग्नाला बोलावते आणि मगच पुढचं सगळं सुरू होतं. त्यामुळे कुणाच्या घरात कोण आहे, कोण कशाने गेलं, कुणाचा पोरगा गुत्त्यावर दिसतो, हे सगळं सगुणाबाईंना पाठ. सोयरीक जुळवायला निघालेली माणसं आधी त्यांच्या ओट्यावर टेकायची, चहा प्यायची आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारायची, "घर कसं हाय?" सगुणाबाई खरं ते सांगायच्या. त्यापायी चार घरं त्यांच्यावर कायमची रुसलेली होती, पण त्याची त्यांना फिकीर नव्हती. आयुष्यात त्या एकदाच खोटं बोलल्या होत्या. ते एकच खोटं पंचवीस वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

ते त्यांच्या मुलाच्या डोळ्याबद्दलचं होतं. आनंदाचा डावा डोळा काचेचा. दोन वर्षांचा असताना बापाचा गळ लागून त्याचा डोळा गेला, हे गावातलं शेंबडं पोरही सांगायचं. दामाजी मिठागरावर कामाला, आणि येता-जाता खाडीत गळ टाकून बसायचा नाद. एके दिवशी गळ तसाच ओट्यावर टाकून हा पाणी प्यायला गेला आणि पोराने तो उचलला, अशी ती हकिगत. दामाजीला गावाने ते कधी विसरू दिलं नाही. बायका त्याच्या तोंडावर म्हणायच्या, "पोटच्या पोराचा डोला खाल्ला यानं." दामाजी मान खाली घालून पुढे जायचा. आनंदाला कळायला लागलं तसं त्यानेही मनात धरलं. भांडला कधी नाही, पण बापाशी कामापुरतं बोलायचा. खाडी, मिठागर, जाळं, सगळ्याकडे पाठ फिरवून तो डोंबिवलीला एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत लागला. दामाजी वारला तेव्हा त्याने दहावं, बारावं सगळं रीतसर केलं. डोळ्यातून टिपूस मात्र काढलं नाही.

एक्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. दिवेलागणीला सगुणाबाई नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कान्हा चौदा महिन्यांचा, भलताच खट्याळ, आजीच्या नाकातली मोरणी ओढण्यात गुंतलेला. सूनबाईने, शालूने, ट्यूबलाइट लावली. कान्ह्याने मान वर केली आणि त्याच्या डाव्या डोळ्याची बाहुली मांजराच्या डोळ्यागत चमकली. पांढरी. क्षणभरच. मग नेहमीसारखी काळी.

शालूने पाहिलंच नाही. सगुणाबाईंनी मात्र पाहिलं. हे त्यांनी पूर्वी एकदा पाहिलेलं होतं.

"शालू, सारी बदल," त्या उठत म्हणाल्या. "दाक्तरकं जायचं हाय."

"आत्ता? कोणाला काय झालं?"

"इचारू नको. बदल."

डोंबिवलीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी कान्ह्याच्या डोळ्यात पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली. तिथे पोराला भूल देऊन तपासलं. डाव्या डोळ्यात कॅन्सरची गाठ होती. डोळा भरून गेला होता. जीव वाचवायचा तर डोळा काढावा लागेल म्हणाले आणि आठवड्याच्या आत काढलाही. शालू इस्पितळाच्या जिन्यात बसून ओक्साबोक्शी रडली. आनंदा तिच्या शेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "एका डोळ्याने सगळं करता येतं गं. मी करतोच ना."

गाठीचा रिपोर्ट आला त्या दिवशी आनंदाची कंपनीत पाळी होती, म्हणून सासू-सून दोघीच गेल्या. तिथल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या आणि त्यांना समजावून सांगायची हौस होती. अशी माणसं इस्पितळात विरळाच.

"प्रत्येक पेशीने किती वाढायचं, कुठे थांबायचं, हे तिच्या आत लिहिलेलं असतं," त्या म्हणाल्या. "वाढ आवरणारी जी सूचना असते, तिच्या दोन प्रती असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते. दोन्ही गेल्या की आवरणारं कुणी उरत नाही. पेशी वाढतच सुटते, त्याची ही गाठ होते."

शालू मान हलवत होती, पण तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. सगुणाबाई म्हणाल्या, "म्हंजे बांध."

"कसला बांध?"

"आमची शेतं खाडीच्या पान्याच्या खाली हाईत. भरती आत शिरू नये म्हनून दोन बांध. एक भायेरचा, एक आतला. एक फुटला तं दुसरा राखतो. दोनी फुटले का खारं पानी शेतात. मंग त्या शेतात काय पिकत नाय."

डॉक्टरीणबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "आणि बांध फुटतो कशाने?"

"खेकरी बिलं पारतात. रोज एक मानूस बांधावं फिरतो. बील दिसलं का चिखल लावून बुजवतो. पन एखादं नदरंतनं सुटतंच."

"आमच्याकडेही हुबेहूब हेच आहे हो! एका पेशीच्या दोन होताना आतलं सगळं लिखाण पुन्हा उतरवून घ्यावं लागतं. उतरवताना चुका होतात. त्या दुरुस्त करायला तुमच्यासारखी राखणदार मंडळी पेशीतही असतात. त्यांच्याही हातून एखादी निसटते. ती नेमकी या सूचनेत निघाली की एक बांध गेला." मग त्यांनी रिपोर्ट पुढे ओढला. "काही मुलं मात्र एक बांध फुटलेलाच घेऊन जन्माला येतात. आईकडून किंवा वडिलांकडून आलेला. दोन्ही डोळ्यांतल्या सगळ्या पेशींना एकेकच बांध. मग तो कुठेही फुटेल, या डोळ्यात नाहीतर त्या. म्हणून मला विचारायचंय. बाळाच्या वडिलांचा डोळा कशाने गेला?"

शालूने लगेच सांगितलं, "गळ लागून. सासऱ्यांचा गळ होता." तिला जे माहीत होतं ते तिने सांगितलं. पोरीचा काही दोष नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी सगुणाबाईंकडे पाहिलं. "तुम्ही तेव्हा तिथेच होतात ना?"

सगुणाबाईंनी मान डोलावली.

"मग घराण्यातलं नाही म्हणायचं. तसं असतं तर दुसरा डोळा दर तीन आठवड्यांनी भूल देऊन तपासावा लागला असता. आता तीन महिन्यांनी या. पण बाळाच्या वडिलांना एकदा पाठवा, त्यांचा चांगला डोळा बघून घेते." आणि दारापर्यंत पोचवायला आल्या तेव्हा शालूला म्हणाल्या, "पांढरी चमक दिसायची वाट बघू नका हं. चमक दिसते तेव्हा डोळ्यात गाठ मोठी झालेली असते."

आनंदा काही गेला नाही. "माझा डोळा बापाने घालवला, त्यात डॉक्टर काय बघणार?" म्हणाला. पाळी बुडवायची नव्हती, हेही होतंच.

सगुणाबाई गप्प का राहिल्या? त्याचं कारण घरातच भांडी घासत होतं. धाकटी लेक शकू वीस वर्षांची, आणि तिचं लग्न अक्षय्य तृतीयेला ठरलेलं. कल्याणकडचं चांगलं घर, सासरे शिवराम पाटील शब्दाचे पक्के. मुलगीही मनापासून खुशीत होती. रोज कुठली ना कुठली साडी अंगाला लावून आरशापुढे उभी. भावाचा डोळा घराण्याच्या रोगाने गेला, भाच्याचा त्याच रोगाने गेला, असं एकदा बाहेर पडलं की त्या घरची पोर कोण करणार? सगुणाबाईंनी स्वतः अशी कितीतरी स्थळं एका वाक्यात मोडलेली होती. त्यांनी मनातल्या मनात हिशेब मांडला: अक्षय्य तृतीया होऊ दे, शकू सासरी जाऊ दे. त्याच्या पुढच्या आठवड्यात कान्ह्याची तपासणी आहेच, तेव्हा सांगू. तीन महिने तर आहेत.

आणि मग रोज संध्याकाळी त्या बॅटरी घेऊन कान्ह्याच्या राहिलेल्या डोळ्यात उजेड पाडायच्या. पोराला तो खेळ वाटायचा. बॅटरी धरायला धावायचा, हसून लोळायचा. डोळा काळाभोर दिसला की सगुणाबाई देवाला हात जोडायच्या आणि निर्धास्त झोपायच्या. शालूला सासूचं हे लाडाचं वेड वाटायचं.

चैत्रात शेजारच्या गावात लग्न होतं. सगुणाबाई धवले गायला गेल्या. मांडव भरलेला, नवरीची आजी खांबाला टेकून बसलेली. देवांची आवतणं झाली आणि त्यांनी घरच्या गेलेल्या माणसांना बोलवायला सुरुवात केली. नवरीचा बाप राघो दोन वर्षांपूर्वी खाडीत बुडून गेलेला. त्याचं नाव घेतलं तशी नवरी हुंदका देऊन रडली. नेहमीचंच होतं, त्या जागी सगळ्याच रडतात. पण सगुणाबाईंच्या मनात आलं, महिन्याभराने आपल्या दारात मांडव पडेल, तेव्हा दामाजीला बोलवावं लागेल. त्याला बोलवायचं कुठल्या तोंडाने? ये बाबा, तुझ्या लेकीचं लग्न आहे, तुझ्यावरचा आळ अजून तसाच आहे आणि त्या आळाखाली आता तुझ्या नातवाचा दुसरा डोळाही चालला आहे. एवढी वर्षं सगुणाबाई बॅटरीसारखंच करत आल्या होत्या. दिसत नाही तोवर नाहीच म्हणायचं. आणि दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल, हे तर डॉक्टरीणबाईंनी धडधडीत सांगितलं होतं.

त्यांचा आवाज मध्येच थांबला. बायकांना वाटलं, घसा सुकला. कुणीतरी पाण्याचा तांब्या दिला. त्या पाणी प्यायल्या, उरलेलं सगळं नीट गायल्या, कारण कुणाच्या लग्नात अर्धवट उठायचं नसतं. आणि ओटीचा नारळ घेऊन तडक घरी आल्या.

आनंदा पहिल्या पाळीवरून येऊन जेवायला बसला होता. शालू वाढत होती, शकू कान्ह्याला भात भरवत होती. सगुणाबाई नारळ ठेवून त्याच्यासमोर बसल्या.

"आनंदा, तुजा डोला गलानं नाय गेला."

त्याचा हात ताटात तसाच राहिला.

"तुला बी तीच गाठ होती. कान्ह्याला झयली तीच. अशीच पांढरी चमक मी तुज्या डोल्यात बगितलेली. मुंबईला नेलं, डोला काढला, तू वाचलास. गल कुनी टाकला नाय, तू उचलला नाय. तुज्या बापानं काय पन नाय केलं."

"मग गळाचं कोण बोललं?"

"त्योच बोलला. इस्पितलातनं येताना होरीत बसलेलो. मी रडत व्हते, बोल्ले, आता या पोराला कोन पोरगी देल, वाईट रोगाचं घर बोलतीन. तं तो बोलला, गल लागला म्हनून सांग. माजा गल. माज्या नावावं घाल. मानूस चुकला तं लोक त्याला शिव्या देतात, पन घर टाकीत नाय. मंग मी सगल्यांना तसंच सांगितलं. तुला पन."

कान्हा भाताचा घास मागत राहिला.

"मी त्याच्याशी बोलायचो नाही," आनंदा म्हणाला. "दहा-दहा दिवस बोलायचो नाही आई. तू बघायचीस."

"व्हय."

"आणि तरी गप्प बसलीस."

"त्याला बोल्ले मी, आता पोराला सांगू. तं बोलला, त्याचं लगीन व्हऊ दे. तुजं लगीन झयलं, मंग बोलला, शकूचं व्हऊ दे. आनि मंग तोच गेला."

शालूने तोंडाला पदर लावला होता. एकदम ती उठली, कान्ह्याला शकूकडून उचलून छातीशी धरलं आणि सासूकडे पाहत म्हणाली, "आई, दोन महिने तुम्ही बॅटरी मारत होता." एवढंच म्हणाली. त्या एका वाक्यात जे होतं ते सगुणाबाईंना दुसऱ्या कुणी ओरडून सांगितलं असतं तरी इतकं लागलं नसतं.

आनंदाने हात धुतला. "उद्या सकाळी निघायचं," तो शालूला म्हणाला. आईशी तो त्यानंतर बोलला नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं, त्यांनी फक्त तारीख अलीकडची दिली, तिसऱ्या दिवसाची. मधल्या दोन दिवसांत सगुणाबाई कल्याणला जाऊन आल्या. ही गोष्ट विहिणीला दुसऱ्याकडून कळता कामा नये, एवढं धवलारीण म्हणून तरी त्यांना करायचंच होतं. विहीणबाई ऐकून पांढऱ्याफटक पडल्या. शिवराम पाटलांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही सोता येऊन सांगितलंत. जरा थांबू. पोरीचं डोलं बगून दाक्तर काय बोलतो ते कलवा." हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. घरी आल्यावर शकूने विचारलं, आईने सांगितलं. पोरगी आत जाऊन रडली, मग तोंड धुऊन बाहेर आली आणि म्हणाली, "लग्न काय, होईल नाहीतर नाही होणार. कान्ह्याचा दुसरा डोळा गेला असता तर मी त्या साड्या कशा नेसले असते गं?" सगुणाबाईंनी तिला जवळ ओढलं. वीस वर्षांची घोडी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली.

तिसऱ्या दिवशी कान्ह्याला भूल दिली. उजव्या डोळ्याच्या पडद्यावर, अगदी कडेला, नाचणीच्या दाण्याएवढी गाठ सापडली. एकच. डॉक्टरीणबाईंनी ती तिथल्या तिथे गोठवून मारली. "नजर शाबूत राहील," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "दर तीन आठवड्यांनी यायचं, चुकवायचं नाही. अजून एखादी निघेल, तीही अशीच काढू. पण तुम्ही आणखी महिनाभर थांबला असतात तर हे शब्द मला बोलता आले नसते." शालू त्यांच्या पायाच पडायला गेली.

मग त्यांनी घरच्या सगळ्यांचे डोळे पाहिले. आनंदाचा राहिलेला डोळा स्वच्छ. शकूचे दोन्ही डोळे स्वच्छ. "रक्त तपासून छातीठोक सांगायची सोय आपल्याकडे अजून नाही, पण हिच्याकडे बहुतेक आलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि तसा कागद लिहून दिला. शेवटी सगुणाबाईंची पाळी. डोळ्यात औषध घालून, दिवा लावून त्या बघत राहिल्या. पुन्हा पाहिलं.

"आजी, तुमच्या उजव्या डोळ्याच्या तळाशी जुना वण आहे. लहानपणी तुम्हालाही ही गाठ आली होती. आली आणि आपसूक थांबली. फार क्वचित होतं असं. तुम्हाला कधी कळलंही नसेल."

"म्हंजे माज्याकडनं गेलं?"

"तुमच्याकडून आनंदाला, आनंदाकडून बाळाला."

सगुणाबाई बाहेर आल्या. औषधामुळे सगळं धूसर दिसत होतं. बाकावर आनंदा बसला होता, पट्टी बांधलेला कान्हा त्याच्या खांद्यावर झोपलेला. त्या त्याच्या शेजारी बसल्या आणि त्यांनी त्याला सांगितलं. लपवायची हौस आता पुरती फिटली होती.

"तुज्या बापाला वाटायचं, त्याच्याकडचं असल. मना बी तसंच वाटायचं. म्हनून तं त्यानं घेतलं आंगावं. आनि व्हतं माजं." त्यांनी पदराने डोळे पुसले. "तुला राग धरायचा तं माज्यावं धर. इतकी वरसं तू भलत्याच मानसावं धरलास."

आनंदाने खांद्यावरचं पोर नीट सावरलं. मग त्या पाच दिवसांत पहिल्यांदा तो आईशी बोलला.

"हा मोठा झाला आणि त्याने विचारलं, माझा डोळा कुणामुळे गेला, तर काय सांगू? माझ्यामुळे गेला म्हणून सांगू?"

"नाय!" सगुणाबाई इतक्या मोठ्याने म्हणाल्या की समोरून जाणारी नर्स थांबली. "तुजा काय दोष रं त्याच्यात? तू काय जानून दिलंस?"

आनंदाने मान वळवून आईकडे पाहिलं.

"मग तू जाणून दिलंस का?" तो म्हणाला.

सगुणाबाई त्याच्या दंडाला धरून बसल्या. थोड्या वेळाने त्यांना जाणवलं की तो दंड हलतो आहे. आनंदा रडत होता, पोर जागं होऊ नये म्हणून आवाज न करता, आणि मध्येच एकदा "बाबा" म्हणाला. बाप गेल्यावर चार वर्षांनी त्याला रडू आलं होतं. सगुणाबाईंनी त्याला गप्प केलं नाही.